एप्रिल-मेच्या उन्हात ट्रायकोकार्ड कसे वापरावे?

डिसेंबर-जानेवारीत लावलेला सुरू ऊस मार्चमध्ये फुटवे धरू लागतो आणि नेमक्या त्याच वेळी खोडकिड्याचे पतंग अंडी घालायला येतात. पुढचे दोन-तीन महिने, म्हणजे बांधणी होऊन उसाला कांडी सुटेपर्यंत, या किडीचा जोर असतो. तापलेली जमीन, पाण्याचा ताण आणि कोरडी हवा तिला मानवते. तिच्यावर आपण जो मित्रकीटक सोडतो तो ट्रायकोग्रामा मात्र २५ ते २८ अंश सेल्सिअसला आणि बऱ्यापैकी दमट हवेत उत्तम काम करणारा. सोलापूर, मराठवाडा, खानदेशातल्या एप्रिल-मेमध्ये दुपारी ४० च्या वर जाणाऱ्या पाऱ्यात त्याला कामाला लावायचे म्हणजे त्याच्या सोयीचा विचार आधी करावा लागतो.

“कार्डे लावली, पण पोंगेमर काही थांबली नाही,” ही तक्रार दर उन्हाळ्यात ऐकू येते. दोष मग कार्डाला दिला जातो, नाहीतर प्रयोगशाळेला. पुष्कळदा दोघांचाही नसतो. प्रयोगशाळेतून निघालेले चांगले कार्ड उसाच्या पानापर्यंत पोहोचेपर्यंत आणि पोहोचल्यावरच्या पहिल्या दुपारी उष्णतेने निकामी झालेले असते. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

कार्डावर असते काय?

ट्रायकोग्रामा ही जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशीच्या कुळातली माशी. ती माणसाला चावत नाही, पिकाला हात लावत नाही. तिचे सगळे आयुष्य दुसऱ्या कीटकाच्या अंड्यावर अवलंबून असते. पतंगाच्या अंड्यात ती आपले अंडे घालते, तिची अळी आतला गर खाऊन वाढते, आतच कोष होतो आणि पतंगाच्या अळीऐवजी नवी माशी बाहेर पडते. म्हणजे कीड पिकाला तोंड लावण्याआधीच संपते, ही या मित्रकीटकाची खरी किंमत आहे. खोडकिड्याची अळी एकदा कोंबात शिरली की ट्रायकोग्रामाला तिचे काही करता येत नाही.

प्रयोगशाळेत ही माशी कॉर्सिरा या धान्यातल्या पतंगाच्या अंड्यांवर वाढवतात. अंडी आधी अतिनील किरणांखाली ठेवून त्यांतला गर्भ मारतात आणि मग ती कार्डावर चिकटवतात. एका कार्डावर साधारण २० हजार अंडी असतात. ट्रायकोग्रामाने आपले अंडे घातले की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती काळी पडू लागतात. आठव्या ते दहाव्या दिवशी माश्या बाहेर येतात, त्याही बहुतेक पहाटे आणि सकाळच्या वेळी. ही पहाटेची वेळ लक्षात ठेवा. पुढचे सगळे नियोजन तिच्यावर बेतायचे आहे.

कार्ड हातात आले की दहापटीचे भिंग घेऊन उजेडात नीट पाहा. परोपजीवी झालेले अंडे एकसारखे काळे, टपोरे आणि किंचित चमकदार दिसते. मलूल, चेपलेली, पांढरी किंवा पिवळसर अंडी वाया गेलेली समजावीत. दहापैकी आठ-नऊ अंडी काळी असतील तर कार्ड चांगले. काही काळ्या अंड्यांना सुईच्या टोकाने पाडल्यासारखे बारीक भोक दिसले, तर त्यातून माशी आधीच निघून गेली आहे. अशी भोके पुष्कळ असतील तर ते कार्ड घेऊ नका. वाटेत किंवा दुकानात ते तापले असण्याची शक्यता मोठी.

ऊन नेमके काय करते?

उष्णतेने माशी मरते, एवढेच आपण धरून चालतो. पण मरण हा त्यातला एक भाग झाला, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तो सर्वांत फसवा भागही नाही, कारण माश्या निघाल्याच नाहीत तर ते निदान कळते तरी.

सुरुवात काळ्या अंड्यातल्या कोषापासून करू. कोषाला हलता येत नाही. पान तापले, कार्ड तापले तर तो जिथे आहे तिथेच तापतो. ३० अंशांच्या पुढे वाढ भराभर होते आणि माश्या ठरल्या तारखेच्या एक-दोन दिवस आधीच निघतात. म्हणूनच “उद्या निघतील” असे सांगितलेल्या माश्या आज दुपारी पिशवीतच निघून मेलेल्या सापडतात. ३५ च्या पुढे निघणाऱ्यांची संख्या घटू लागते आणि तापमान ४० च्या आसपास सलग राहिले तर बहुतेक आतच संपतात.

निघालेल्यांचे काय? प्रौढ माशीचे शरीर इतके लहान की त्यात पाण्याचा साठा नाहीच म्हटले तरी चालेल. कोरड्या, तापलेल्या हवेत ते पाणी झपाट्याने उडते. मध मिळाला आणि हवा सुखद असली तर ती आठवडाभर जगते. उन्हाळ्यात उपाशी असली तर दिवस-दोन दिवसांत आटोपते. बहुतेक परोपजीवी माश्यांना प्रौढपणी अंगात नवी चरबी तयार करता येत नाही. अळी असताना साठवलेली तेवढीच शिदोरी, आणि उष्णतेत ती लवकर सरते. त्यात ती दुपारी फिरत नाही, पानाच्या सावलीत स्वस्थ बसून राहते. म्हणजे हाती असलेल्या दोन दिवसांतले कामाचे तास आणखी कमी होतात.

आता सर्वांत फसवा भाग. या कुळातल्या माश्यांत फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर जन्मतो. नासोनिया आणि ॲनिसोप्टेरोमॅलस या परोपजीवी माश्यांवरच्या प्रयोगांत असे दिसले की नर कोषात असताना त्याला उष्णतेचा धक्का बसला तर तो बाहेर येतो, मादीशी जुळतोही, पण त्याच्याकडचे शुक्राणू घटलेले असतात. अशा नराशी जुळलेली मादी अंडी घालते, पण त्यांतून नरच जास्त निघतात. नर किडीची अंडी संपवत नाही. वरून सगळे ठीक दिसते, माश्या निघाल्या, उडाल्या. आणि पुढची पिढी मात्र मोडून पडते. ट्रायकोग्रामाच्या काही जातींत वोल्बाकिया नावाच्या जिवाणूमुळे फक्त माद्याच जन्मतात. तिथेही तापमान ३० अंशांच्या आसपास किंवा वर राहिले की जिवाणू क्षीण होतो आणि नर दिसू लागतात.

त्यामुळे “कार्डातून माश्या निघाल्या ना?” एवढ्यावर समाधान मानू नये. शेतातली किडीची अंडी काळी झाली का, हा खरा प्रश्न.

खुद्द कीडही उन्हात बदलते. खोडकिड्याचा पतंग पानाच्या खालच्या बाजूला तीन ते पाच ओळींत, माशाच्या खवल्यांसारखी एकमेकांवर चढलेली चपटी, मळकट पांढरी अंडी घालतो. ती चार ते सहा दिवसांत उबतात, उन्हाळ्यात लवकरच. ट्रायकोग्रामाला ताजी अंडी लागतात, आत अळी तयार होऊ लागली की ती तिच्या उपयोगाची राहत नाहीत. म्हणजे एका बाजूला माशीचे दिवस घटले आणि दुसऱ्या बाजूला तिला चालणाऱ्या अंड्यांचेही घटले. दहा दिवसांनी एकदा कार्ड लावायचे वेळापत्रक हिवाळ्याला ठीक आहे. एप्रिलमध्ये त्यात सहा-सात दिवसांचे भगदाड पडते, आणि त्या दिवसांत घातलेली अंडी बिनधोक उबतात.

उसासाठी हेक्टरी ५० हजार, म्हणजे एकरी एक कार्ड दर प्रसारणाला, ही सर्वत्र सांगितली जाणारी मात्रा आहे. उन्हाळ्यात ही मात्रा वाढवण्यापेक्षा विभागून द्या, असा माझा आग्रह आहे. एकरी एक कार्ड एकदम लावण्याऐवजी अर्धे सोमवारी, अर्धे गुरुवारी. त्यातही दोन वेगवेगळ्या दिवशी तयार झालेली कार्डे मिळाली तर अर्धी-अर्धी एकत्र लावा, म्हणजे माश्या एकाच पहाटे न निघता तीन-चार दिवस निघत राहतील. एका भयंकर दुपारी सगळाच माल जाण्याचा धोका त्याने टळतो. सुरुवात कधी करायची हे कामगंध सापळ्यावरून ठरवा. लागणीनंतर महिनाभराने सापळे लावून ठेवावेत आणि पतंग अडकू लागले की पहिले कार्ड मागवावे.

प्रयोगशाळा ते शेत

माझ्या मते सर्वाधिक नुकसान या वाटेवर होते, आणि ते टाळणे सर्वांत स्वस्त आहे. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून, कृषी विद्यापीठांतून किंवा साखर कारखान्याच्या जैविक प्रयोगशाळेतून कार्डे घेऊन माणूस दुपारी मोटारसायकलवर निघतो. कार्डे गाडीच्या डिकीत किंवा शर्टाच्या खिशात असतात. वाटेत दोन कामे उरकायची म्हणून गाडी उन्हात उभी राहते. बंद चारचाकीत काच वर करून ठेवलेली पिशवी तर अर्ध्या तासात भाजून निघते.

थर्माकोलचा लहान डबा घ्या. तळाशी बर्फाची थंड पिशवी, तिच्यावर वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या, त्यावर कार्डांचे पाकीट. बर्फ कार्डाला टेकता कामा नये आणि वितळलेले पाणी त्यावर येता कामा नये. शक्यतो सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर आणा.

त्याच दिवशी लावायचे नसेल तर कार्ड घरच्या फ्रिजमध्ये साधारण १० अंशांना, म्हणजे खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवता येते. बर्फाच्या कप्प्यात ठेवले तर कोष मरतात. थंडीने वाढ मंदावते, थांबत नाही, आणि फार दिवस ठेवलेल्या कार्डातल्या माश्या दुबळ्या निघतात. त्यामुळे चार-पाच दिवसांपुरताच हा आधार घ्यावा. काढताना पाकीट न उघडता तासभर घरातल्या सावलीत राहू द्या, म्हणजे कार्डावर दव धरणार नाही आणि १० अंशांतून थेट ४० अंशांचा धक्काही बसणार नाही.

या साठवणीचा दुसरा उपयोग उष्णतेच्या लाटेत होतो. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश होऊन ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा जास्त वाढले, अथवा थेट ४५ वर गेले, की हवामान खाते उष्णतेची लाट धरते. आपल्या जिल्ह्यासाठी तसा इशारा आला असेल तर प्रसारण दोन-तीन दिवस पुढे ढकला. आज कार्ड हाती आहे म्हणून आजच लावलेच पाहिजे असे नाही.

पानावर लावताना

वेळ संध्याकाळची, साडेपाच-सहानंतरची. माश्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघतील असे कार्ड असेल तर उत्तम. मग त्यांना पंख वाळवायला, जुळायला आणि जवळची अंडी शोधायला सकाळचे चार-पाच थंड तास मिळतात. सकाळी दहाला लावलेल्या कार्डाचा पहिला अनुभव थेट दुपारचा असतो.

जागा निवडताना बातम्यांतला तापमानाचा आकडा बाजूला ठेवा. तो सावलीतल्या, हवेशीर पांढऱ्या पेटीत मोजलेला असतो. तीन महिन्यांच्या उसात सऱ्या उघड्या असतात, जमीन ऊन ओकत असते आणि कार्डाची कापलेली पट्टी जमिनीपासून हात-दीड हातावर असते. बाजारात मिळणारा साधा तापमान-आर्द्रता मापक पट्टीच्या उंचीवर, पानाआड, तीन दिवस टांगून दुपारी दोनला आकडा लिहून ठेवा. बांधाकडेला, शेताच्या मध्ये आणि नुकतेच पाणी दिलेल्या सरीत तो किती वेगळा येतो हे बघितल्यावर पट्ट्या कुठे लावायच्या ते कोणाला विचारावे लागणार नाही.

कार्ड आखलेल्या रेषांवर कापा. पट्ट्या शक्य तितक्या लहान करून जास्त ठिकाणी लावा, कारण उन्हात माशीला लांब जाणे जमत नाही. एकरी वीस ठिकाणी पट्ट्या लावल्या तर दोन पट्ट्यांत साधारण चौदा मीटर अंतर पडते. चाळीस केल्या तर ते दहा मीटरवर येते. बेटाच्या पूर्वेकडच्या पानाची खालची बाजू निवडा, म्हणजे कलत्या दुपारचे पश्चिमेचे ऊन बेटच अडवेल. पट्टी मध्यशिरेजवळ स्टेपलरने एकाच टाचणीत लावा, अंडी पानावर चेपली जाऊ नयेत. ऊस फारच लहान असेल आणि पाने सावली देण्याजोगी नसतील तर पातळ काठी रोवून तिच्यावर कागदी कप उलटा बसवा आणि पट्टी त्याच्या आत लावा. वरचे ऊन अडते, खालून हवा खेळते. मुंग्यांची रांग असलेल्या जागी मात्र पट्टी नको, त्या अंडी रात्रीतून फस्त करतात.

पाणी आणि प्रसारण यांची सांगड घाला. ठिबक असेल तर लावण्याच्या दिवशी संच चालवा. पाट-पाणी असेल तर पाळी दिल्यानंतर वाफसा येताच संध्याकाळी पट्ट्या लावा. ताण नसलेले पान बाष्प सोडून स्वतःला थंड ठेवते. ताणातले पान हवेपेक्षाही गरम होते. सरीत पाचटाचे आच्छादन असेल तर जमिनीची धग कमी होते, ओल टिकते आणि खोडकिड्याचा उपद्रवही कमी राहतो. लागणीच्या उसात पाचट नसेल तर खोडव्याच्या शेतातून आणून पसरा, पण जाळू नका.

माशीच्या पोटाचेही बघायला हवे. उसाला त्या वेळी फूल नसते. सरीच्या कडेला कोथिंबीर किंवा बडीशेप फुलावर आलेली असेल तर त्या बारीक फुलांतला मध इतक्या लहान तोंडालाही घेता येतो. बांधावर चवळी असली तरी चालते, तिच्या फुलाबाहेरही मधाच्या ग्रंथी असतात.

फवारणीचे पथ्य नेहमीचेच, पण उन्हाळ्यात जास्त कडक. प्रसारणाच्या आधी आणि नंतर किमान आठवडाभर सेंद्रिय फॉस्फरस आणि पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके नकोत. गंधकाची फवारणीही या माशीला घातक आहे, हे अनेकांना माहीत नसते.

कापूस आणि पपई

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामॅटॉयडिया बॅक्ट्री ही जात एकरी ६० हजार, म्हणजे तीन कार्डे, या प्रमाणात सोडतात. हे काम पावसाळ्याच्या उत्तरार्धात चालते आणि त्याचा शेवट ऑक्टोबरच्या उन्हात येतो. तेव्हा पारा मेइतका चढत नाही आणि पीक दाटलेले असते, त्यामुळे झाडाच्या मधल्या थरात, पानाखाली लावलेली पट्टी बऱ्यापैकी सुरक्षित राहते. शिवाय कपाशीच्या पानाच्या खालच्या शिरेवर मधाची ग्रंथी असतेच. शेंड्यावर, हाताला सोपे म्हणून लावलेल्या पट्ट्या मात्र वाळून जातात.

पपईवरच्या पिठ्या ढेकणासाठी २०१० मध्ये पोर्टो रिकोहून आणलेली ॲसेरोफॅगस पपायी ही माशी आपल्याकडे चांगली स्थिरावली. ती वारंवार सोडावी लागत नाही. तिच्याबाबत उन्हाळ्यात एवढेच करायचे की ढेकूण दिसले म्हणून सगळी पाने तोडून जाळायची नाहीत. परोपजीवी झालेले, फुगून कडक पडलेले ढेकूण असलेली काही पाने बागेतल्या गर्द सावलीत राहू द्या. लाटेतून वाचलेल्या माश्या तिथूनच पुन्हा पसरतात.

प्रयोगशाळेला विचारा, शेतात मोजा

बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोमध्ये ट्रायकोग्रामा चिलोनिसचा उष्णता आणि काही कीटकनाशके सहन करणारा वाण निवडीतून तयार केलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या जास्त तापमानात ठेवून तगलेल्यांचीच पैदास करायची, अशी ही पद्धत. उन्हाळ्यासाठी मागणी नोंदवताना तुमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेला दोन गोष्टी विचारा: मूळ वाण कोणता, आणि तो कायम २६ अंशांच्या खोलीतच वाढवला जातो की मधूनमधून उष्णतेची सवय दिली जाते. वर्षानुवर्षे वातानुकूलित खोलीत वाढवलेल्या पिढ्यांत तग धरण्याचा गुण टिकेलच असे नाही. हे प्रश्न शेतकऱ्यांकडून येऊ लागले तर प्रयोगशाळाही त्याकडे लक्ष देतील.

प्रत्येक खेपेतली एक पट्टी लहान काचेच्या बाटलीत घालून, तोंडाला बारीक विणीचे कापड बांधून घरात सावलीत ठेवा. अशीच दुसरी बाटली शेतात पट्टीच्या उंचीवर, पानाआड, थेट ऊन लागणार नाही अशी टांगा. माश्या निघून गेल्यावर दोन्हींतली भोके पडलेली आणि न पडलेली काळी अंडी भिंगाखाली मोजा. घरातली चांगली आणि शेतातली वाईट निघाली तर जागा, वेळ किंवा पाणी बदला. दोन्ही वाईट निघाली तर दोष कार्डात किंवा वाहतुकीत आहे. याखेरीज पट्ट्या लावल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी उसाच्या पानांखालचे खोडकिड्याचे अंडीपुंज शोधा, पानाच्या तुकड्यासह काढून आणा आणि बाटलीत ठेवून किती काळे पडतात ते पाहा. तारीख, दुपारचे तापमान, पाणी दिल्याचा दिवस आणि काळ्या अंड्यांचे प्रमाण एका वहीत लिहा, आणि पुढच्या कार्डांची मागणी द्यायला जाल तेव्हा ती वही प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञासमोर ठेवा.